पत्रिकेवरील नकाशात बाणाचे टोक कसे बसवावे (माजिवडा प्रकार)

कार्यालय माजिवड्यात आहे असे यजमानांनी सांगताच नकाशा काढणाऱ्याने आधी चहा मागवावा. पूर्व द्रुतगती महामार्ग इथे येतो, नाशिकचा रस्ता पुढे सुटतो, घोडबंदर रस्ता इथूनच फुटतो, डोक्यावर उड्डाणपूल आणि उरलेल्या जागेत मेट्रोचे खांब. पाहुण्याला यातून काढायची भिस्त बाणाच्या टोकावर असते. ते तयार यादीतून उचलू नये. वऱ्हाडाला शोभेल असे स्वतः घडवावे. त्यासाठी इंकस्केप हे चित्रे काढायचे सॉफ्टवेअर घ्यावे. ते फुकट मिळते, हे मात्र यजमानांना सांगू नये.

टोक पूर्वाभिमुख, म्हणजे उजवीकडे तोंड करून काढावे. वास्तुशास्त्राशी संबंध नाही. इंकस्केपच्या एसव्हीजी फाइलीत टोकाच्या क्ष-अक्षाची धन बाजू रेषेच्या दिशेशी जुळवली जाते. मग रेषा कुठेही वळो, टोक मुकाट्याने मागून वळते. काढून झाले की ‘ऑब्जेक्ट्स टू मार्कर’ ही आज्ञा द्यावी.

आता संदर्भबिंदू, म्हणजे टोकाचा जो बिंदू रेषेच्या शेवटावर बसतो तो. तो अणीवर ठेवला तर जाड रेषेचे कोपरे अणीच्या दोन्ही बाजूंनी डोकावतात. पाठीवर ठेवला तर कोपरे झाकले जातात, पण अणी पुढे सरकून थेट भटारखान्यात शिरते. दुसरा मार्ग पत्करावा आणि रेषा तेवढी आखूड करावी.

टोकाचे माप सहसा रेषेच्या जाडीच्या पटीत धरतात. “भाऊ, रस्ता जरा ठळक दिसू द्या,” असे म्हणत यजमान येतातच. रेषा दुप्पट जाड केली की टोकाचे क्षेत्रफळ चौपट होते आणि गोल्डन डाइज नाका त्याखाली गडप होतो.

खरा घात शेवटच्या नोडवर होतो. माऊस सोडताना हात हलला की तिथे आणखी एक नोड पडतो आणि केसाएवढा तुकडा तयार होतो. टोक दिशा घेते ती या तुकड्याकडून, लांबलचक रस्त्याकडून नव्हे. रेषा घोडबंदरकडे, टोक भिवंडीकडे, आणि मुहूर्त साडेअकराचा! झूम करून तो जादा नोड पुसावा. मधले मार्कर तर लावूच नयेत, प्रत्येक नोडवर बाण उगवतो.

छपाईला देण्याआधी ‘स्ट्रोक टू पाथ’ करावे. आणि नकाशाखाली मामांचा मोबाइल नंबर ठसठशीत टाकावा, कारण पाहुणे कापूरबावडीला पोचल्यावर तोच लावतात.