अभ्यासासाठी गेमिंग कॉम्प्युटर कसा घ्यावा

प्रस्तुत मार्गदर्शिका ५०,००० रुपयांच्या आसपास घरचा कॉम्प्युटर जुळवू पाहणाऱ्या होतकरू मुलामुलींसाठी आहे. ज्यांच्याकडे याहून बरेच जास्त पैसे आहेत त्यांनी हवे ते घ्यावे. त्यांना मार्गदर्शनाची नव्हे, कौतुकाची गरज असते. ज्यांच्याकडे कमी आहेत त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावे, कारण घरच्यांना पटवण्याची रीत बजेटनुसार बदलत नाही.

प्रथम दोन तत्त्वे पाठ करावीत. पहिले: मराठी मध्यमवर्गीय घरात गेम खेळण्यासाठी कॉम्प्युटर येत नाही, तो अभ्यासासाठी येतो. म्हणून प्रत्येक भाग घेण्याची दोन कारणे तयार ठेवावीत, एक घरात सांगायचे आणि एक खरे. दुसरे: जो भाग पाहुण्यांना दिसतो त्यावर पैसे घालावेसे वाटतात, आणि जो दिसत नाही त्यावर कॉम्प्युटर चालतो.

१. गरज निर्माण करणे

घरात आधीचा कॉम्प्युटर असेल तर काम अवघड आहे. बाबांची यादी ठरलेली असते: वीजबिल, सातबारा, रेल्वेचे तिकीट आणि एक एक्सेल शीट, जी सोसायटीचे सेक्रेटरी होते तेव्हापासून उघडीच आहे. ही सगळी कामे दहा वर्षांपूर्वीचे मशीनही करते. हे वाक्य घरात उच्चारू नये.

त्याऐवजी तारीख सांगावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. हे सांगताना ‘सुरक्षा’ आणि ‘बँक खाते’ हे शब्द एकाच वाक्यात आणावेत. जुने मशीन त्या वाक्यापुढे टिकत नाही. विंडोज ११ वर व्हॅलोरंटलाही टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागते, ही माहिती वाचकांच्या ज्ञानात भर म्हणून दिली आहे. ती बाबांच्या ज्ञानात घालण्याचे कारण नाही.

२. मुहूर्त

‘थांब थोडा, स्वस्त होईल’ हा सल्ला प्रत्येक घरात मोफत मिळतो. गॉर्डन मूर यांनी १९६५ साली चिपवरच्या ट्रान्झिस्टरांच्या वाढीचे भाकीत केले, तेव्हापासून जग याच आशेवर थांबले आहे. पण २०२०-२१ मध्ये ग्राफिक कार्डे दिसेनाशी झाली आणि २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर रॅमचे भाव कडाडले. थांबणाऱ्यांना दोन्ही वेळा थांबण्याचे पैसे मोजावे लागले.

दसरा, पाडवा, धनत्रयोदशी हे दिवस दुकानदारासाठी शुभ आहेत. ज्यांना चालत असेल त्यांनी पितृपक्षात चौकशी करावी. काउंटर मोकळा असतो आणि प्रश्नांना उत्तरे मिळतात. पैसे घटस्थापनेला द्यावेत, म्हणजे आजीही खूश.

३. बाजार

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरावे. महापालिकेच्या लेखी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आणि साऱ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड, तो हाच. पुणेकरांनी ‘आमच्याकडे हेच स्वस्त मिळतं’ असे म्हणावे, तरीही डेक्कन क्वीन पकडावी, दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल घ्यावी आणि परतताना तेच पुन्हा म्हणावे.

दुकानात बजेट सांगितले की काउंटरमागचा माणूस छोटे पॅड ओढतो आणि मान वर न करता भराभर लिहितो: आय३, एच६१०, ८×२, ५१२, कार्ड, कॅब + एसएमपीएस. खाली बेरीज, बेरजेभोवती गोल, गोलाशेजारी ‘बेस्ट’. हा कागद नीट वाचावा. पहिल्या चार-पाच ओळींत मॉडेलचा निदान अर्धा नंबर असतो. शेवटच्या ओळीत कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय यांना मिळून एकच आकडा दिलेला असतो आणि कंपनीचे नाव नसते. ‘बेस्ट’ तिथूनच निघालेले असते. या ओळीकडे आपण परत येणार आहोत.

जीएसटी त्या गोलात आहे का, हे विचारावे. तो १८ टक्के असतो आणि बहुधा विचारल्यावरच प्रकट होतो. ‘बिल कशाला, मी आहे ना’ असे दुकानदार म्हणाला तर त्याच्या मायेबद्दल आभार मानून बिलच मागावे, तेही प्रत्येक भागाचा सीरियल नंबर घातलेले. प्रोसेसर बॉक्समधला घ्यावा. इंटेल आणि एएमडी बॉक्सच्या प्रोसेसरवर सहसा तीन वर्षांची वॉरंटी देतात. ट्रेमधला सुटा प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी म्हणजे त्या माणसाची स्मरणशक्ती.

४. प्रोसेसर

‘आय७ आहे, एवढ्यात बसवून देतो’ हे ऐकून हरखू नये. कितव्या पिढीचा, ते विचारावे. कोअर आय७-२६०० हा २०११ चा, चार कोअर आणि आठ थ्रेडचा. कोअर आय३-१२१०० हा २०२२ चा, तोही चार कोअर आणि आठ थ्रेडचा, आणि त्या आय७ ला सहज मागे टाकणारा. बाबांना सात हा आकडा तीनपेक्षा मोठा वाटतो आणि गणिताच्या दृष्टीने ते बरोबरच आहेत. त्यांच्यासमोर पूर्ण नाव घ्यावे: बारा हजार शंभर. हा आकडा सातपेक्षा मोठा आहे.

नावामागच्या अक्षराकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाही. वेगळे कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काही दिसत नाही. आय३-१२१००एफ घेऊन ‘कार्ड पुढच्या महिन्यात’ असे ठरवणाऱ्यांचा तो महिना फार शांततेत जातो. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मधला ‘जी’ उलट कामाचा आहे: सहा कोअर, बारा थ्रेड आणि आतच व्हेगा ग्राफिक्स. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जुना जीटीए ५ इतके त्यावर सेटिंग कमी ठेवून चालते. कार्ड पुढे बोनस आल्यावर लावता येते. बोनस कोणाचा, हे तूर्त मोघम ठेवावे.

५. ग्राफिक कार्ड

घरात सांगायचे कारण: इंजिनिअरिंगला लागणारे ऑटोकॅड. कॉमर्सवाल्यांनी व्हिडिओ एडिटिंग म्हणावे. बारावीची परीक्षा चालू असेल तर काहीच म्हणू नये.

नेटाने गेम खेळायचे असतील तर बजेटचा सर्वांत मोठा हिस्सा, एक तृतीयांश ते चाळीस टक्के, इथेच जातो. ८ जीबीचे आरएक्स ६६०० हे १०८० रिझोल्यूशनसाठी गरिबाघरचे धोरणी कार्ड म्हणून नावाजले गेले. त्याच्या खाली उतरताना ‘४ जीबीचे कार्ड आहे’ एवढ्याच बोलीवर भुलू नये. जीटी ७३० हे २०१४ चे कार्ड ४ जीबीतही मिळते, नव्या खोक्यात आणि नव्या स्टिकरसकट. पण गेममध्ये ते ५६००जी च्या आतल्या फुकट ग्राफिक्सच्याही मागे पडते. जीबी म्हणजे कार्डाची कोठी, ताकद नव्हे.

सेकंडहँड कार्ड पाहायला जाताना १५ सप्टेंबर २०२२ ही तारीख ध्यानात ठेवावी. त्या दिवशी इथेरियमने कार्डांवरचे मायनिंग बंद केले आणि रात्रंदिवस राबलेली ढीगभर कार्डे बाजारात आली. विकणारा ‘घरीच वापरलंय, फक्त मुलाच्या अभ्यासाला’ असे म्हणेल. हे वाक्य आपण स्वतः घरात वापरत असल्याने त्याची किंमत आपल्याला ठाऊक असते. कार्ड चालू करून, जड गेम पंधरा-वीस मिनिटे पळवून, पंख्याचा आवाज ऐकूनच पैसे द्यावेत.

६. रॅम आणि साठवण

१६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्यांतून माहिती एकाच वेळी ये-जा करते. प्रोसेसरमधले ग्राफिक्स रॅमच वापरत असल्याने ५६००जी वाल्यांना गेममध्ये हा फरक डोळ्यांनी दिसतो. घरात सांगायचे कारण: एक बिघडली तर दुसरी असावी. बोर्ड डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा, हे आधी पाहावे. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात आणि जोर लावून काही होत नाही. बरेच होते, पण त्याला वॉरंटी नसते.

विंडोज एनव्हीएमई एसएसडीवरच टाकावे. साध्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास, तर तिसऱ्या पिढीच्या चांगल्या एनव्हीएमईचा साडेतीन हजारांपर्यंत. मोठे गेम शंभर-शंभर जीबी जागा खातात, तेव्हा १ टीबी परवडत असेल तर तेच घ्यावे. विंडोज त्यातले ९३१ जीबीच दाखवते, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. हे बाबांना आधीच समजावून ठेवावे, नाहीतर उरलेल्या ६९ जीबीसाठी ते लॅमिंग्टन रोडला परत जातील.

७. पॉवर सप्लाय, अर्थात ती शेवटची ओळ

हा भाग कोणाला दिसत नाही, त्यावर दिवे नसतात आणि मित्र त्याच्यासोबत फोटो काढत नाहीत. म्हणून तो कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ मिळतो. असा एक फुकटचा डबा काउंटरवर मागून हातात घ्यावा. पहिली गोष्ट, तो हलका लागतो. दुसरी, त्यावर ठसठशीत ‘४५० वॅट’ छापलेले असते. आता त्याच स्टिकरवरचा बारीक तक्ता वाचावा. १२ व्होल्टच्या रकान्याखाली समजा १६ अँपिअर आहेत. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड आपला बहुतेक सगळा खुराक याच रकान्यातून घेतात. आरएक्स ६६०० एकटे १३२ वॅट मागते आणि प्रोसेसर भर कामात साठ ते नव्वद. बेरीज स्वतः करावी, दुकानदाराकडून करून घेऊ नये.

चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ, ४५० ते ५५० वॅटचा पॉवर सप्लाय वेगळा विकत घ्यावा. पैसे कमी पडले तर कॅबिनेट साधे घ्यावे, एसएसडी लहान घ्यावी, दिवे तर सोडूनच द्यावेत. घरात सांगायचे कारण आणि खरे कारण एकच असलेला हा एकमेव भाग आहे: हा गेला तर जाताना शेजाऱ्यांना घेऊन जातो.

यूपीएसवर ६०० व्हीए लिहिले असेल तर त्यातून सहसा ३६० वॅटच निघतात. पहिल्या पावसात वीज गेली की ‘फाइल सेव्ह’ करून मशीन बंद करण्यापुरती सवड मिळते. मॅच पूर्ण करण्यापुरती मिळत नाही.

८. कॅबिनेट

पुढे काच आणि काचेमागे तीन रंगीत पंखे, हे दृश्य मनोहारी आहे. फक्त पंख्यांना हवा कुठून येणार, हे कोणी सांगत नाही. पुढे जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे. टेबलाच्या दार असलेल्या कप्प्यात कोंडू नये. आईने प्रेमाने विणलेले क्रोशाचे कव्हर मशीन बंद असतानाच घालावे. खंडेनवमीला पूजा अवश्य करावी, मात्र हळदकुंकू पत्र्यावर, झेंडूच्या पाकळ्या जाळीपासून दूर आणि नारळ दुसऱ्या खोलीत.

९. जोडल्यावर

मॉनिटरची केबल बोर्डाला न लावता ग्राफिक कार्डाला लावावी. नाहीतर बजेटचा तो चाळीस टक्के भाग आत नुसता बसून राहतो. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करावे; त्याशिवाय ३२०० ची रॅम बऱ्याचदा कमी वेगानेच धावते. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो १४४ वर आहे ना, हे पाहावे. पुष्कळ मॉनिटर आयुष्यभर ६० वर चालतात आणि मालक ‘फरक लगेच जाणवतो’ असे सांगत फिरतात. या तिन्ही गोष्टींना पैसे पडत नाहीत, त्यामुळे त्या कोणत्याच कोटेशनवर नसतात.

१०. समारोप: नातेवाईक

कॉम्प्युटर सुरू झाल्यावर आठवडाभरात एक काका येतील. मशीनभोवती फेरी मारतील, किंमत विचारतील आणि म्हणतील, ‘अरे, मला सांगायचं ना! आमच्या ऑफिसच्या माणसाने हेच सगळं सात हजारांनी कमी करून दिलं असतं.’ बाबा तुमच्याकडे पाहतील. वाद घालू नये, बिल काढू नये. नम्रपणे एवढेच विचारावे, ‘काका, त्यात पॉवर सप्लाय कोणता असतो?’

काका क्षणभर थांबतील, मग यंदाच्या पावसाविषयी बोलू लागतील. खरेदी रीतसर पूर्ण झाली, असे समजावे.