अस्सलपणाचा आदर्श

‘बार्बेरियन्स’ या जर्मन मालिकेच्या निर्मात्यांचे इतिहासप्रेम अभिनंदनीय आहे. इ. स. ९ मध्ये ट्यूटोबुर्गच्या जंगलात जर्मन टोळ्यांनी रोमन सेनापती वारुसच्या तीन लिजन कापून काढल्या, त्याची ही कथा. अस्सलपणासाठी रोमन पात्रे चक्क लॅटिन बोलतात. टोळीवाले मात्र आजची जर्मन, बँकेत खाते उघडायला पुरेल अशी. जंगलही इतके अस्सल, की चित्रीकरणासाठी हंगेरी गाठावी लागली.

हे धोरण एक पाऊल पुढे न्यावे, अशी नम्र सूचना. टोळ्यांनी या लढाईबद्दल एक ओळही लिहून ठेवलेली नाही. तेव्हा पुराव्याशी इमान राखायचे, तर त्यांना संवादच देऊ नयेत. झाडामागून यावे, मारावे, जावे. (तोंडाला चिखल फासण्याची मुभा असावी, त्याशिवाय स्वातंत्र्यप्रेम पडद्यावर दिसत नाही.)

राहता राहिला टोळ्यांचा नायक आर्मिनियस. तो रोमन नागरिक, रोमन सैन्यातच तयार झालेला. त्याला दोन्हीकडचे संवाद मिळावेत. शेवटचा भाग लिहायला मात्र लेखकाची गरज नाही. रोमला त्याला संपवणे जमले नाही. ते काम त्याच्याच नातलगांनी दगा देऊन केले, आणि त्याची नोंद ठेवली टॅसिटस या रोमनाने.