गॅलरी आत घेण्याबाबत

ती. आई-बाबा,

मस्कतमध्ये गॅलरी परस्पर आत घेता येत नाही. डोंबिवलीत बिल्डरने दिलेली गॅलरी पहिल्या दिवाळीपर्यंत बेडरूम झालेली असते. येथे इमारतीच्या दर्शनी बाजूला हात लावायचा तर आधी बलदियाची, म्हणजे मस्कतच्या नगरपालिकेची, परवानगी लागते. परवाने दोन, धाकटा आणि थोरला. डागडुजी, गाडीवरचे छप्पर असली किरकोळ कामे धाकट्यात उरकतात. बांधकाम वाढवायचे असल्यास थोरला, आणि त्याच्यासोबत सल्लागार अभियंत्यांच्या कचेरीतले नकाशे.

अर्ज करायचा तो घरमालकाने. परदेशी माणसाला घर विकत घेता येऊ लागले ते 2006 च्या शाही फर्मानानंतर, आणि तेही मुख्यतः अल मौजसारख्या पर्यटन संकुलांत. रुवी, दारसेत, घुब्रा येथील मराठी कुटुंबे बहुतेक भाड्याच्या घरात. मालकाकडे मुल्कीया, म्हणजे मालकीचा दाखला, आणि क्रोकी, म्हणजे प्लॉटचा नकाशा, असतो. भाडेकरूकडे सूचना असतात.

गॅलरी आत घेतली की तिला खिडकी आली, आणि खिडकीचे प्रकरण नाजूक आहे. शेजाऱ्याच्या अंगणात नजर जाईल अशी खिडकी ओमानी रीतीत बसत नाही. चाळीत खिडकी मुळात त्याचसाठी असते, हे येथे कुणाला पटवून देणे कठीण. चौकटीचा रंगही इमारतीला शोभेलसा हवा, आणि इमारती पांढऱ्या नाहीतर फिकट. सगळे शहर नुकताच चुना दिल्यासारखे दिसते ते त्यामुळेच. सुलतानांचा अल आलम राजवाडा निळा-सोनेरी आहे खरा, पण त्याचा दाखला अर्जात देता येत नाही.

गॅलरीची काचेची खोली करण्याची तुमची कल्पना लंडनच्या मावशींच्या फोटोंवरून निघाली असावी. तिकडे थोडेफार मिळणारे ऊन धरून ठेवायला अशी खोली बांधतात. मस्कतच्या आग्नेयेला समुद्रकाठी कुरियात आहे. तेथे जून 2018 मध्ये एक अख्खी रात्र पारा 42.6 अंशांच्या खाली उतरला नाही. उन्हाची टंचाई नाही. शिवाय जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे, आणि ती फार शहाणपणाची आहे. ज्या उन्हात दुपारी मजुराला उभे करता येत नाही, तिथे सासऱ्यांची आरामखुर्ची ठेवण्याचा बेत सूनबाईंनी नामंजूर केला आहे.

राहता राहिली उघडी गॅलरी. तिच्यात रस्त्यावरून दिसतील असे कपडे वाळत घालायचे नाहीत, दंड होतो. मश्रबिया, म्हणजे नक्षीची जाळी, लावून आडोसा केला की धोतर सुखाने वाळते. पण जाळी लावायची म्हणजे पुन्हा मालक आणि पुन्हा अर्ज. कुरडया-पापडांचा उल्लेख नियमांत असल्याचे ऐकिवात नाही. कठड्याच्या आत, जमिनीवर जुने लुगडे अंथरून घातलेले वाळवण खालून दिसत नाही आणि दुपारपर्यंत कडकडीत होते. कबुतरांचा बंदोबस्त मात्र ज्याचा त्याने करायचा.

आतून लावायचा पडदा, दाराचे तोरण आणि उंबऱ्यापुढची रांगोळी यांना परवाना लागत नाही. पडद्याच्या रंगाबाबत घरातच दोन अर्ज प्रलंबित आहेत.