पांढऱ्या सोन्याचा दुसरा लिलाव

वणी किंवा पांढरकवड्याच्या बाजार समितीत कापसाची गाडी आली, की हमीभावाने खरेदी करणारे सीसीआयवाले (भारतीय कापूस महामंडळ) आधी ओलावा मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, मग टक्क्यामागे कपात, १२ च्या वर गाडी माघारी.

गूगलवर ‘कापूस भाव यवतमाळ’ टाकलं, की तिथंही क्षणात लिलाव होतो, बोली लावतात जाहिरातदार. माल मात्र कापूस नसतो, शोधणारा शेतकरीच असतो. कुण्या गादीवाल्याने ‘कापूस’ हा कीवर्ड ब्रॉड मॅचवर, म्हणजे त्याच्याशी संबंधित कुठल्याही शोधासाठी, मोकळा सोडलेला असतो. ‘भाव’, ‘हमीभाव’ निगेटिव्हमध्ये, म्हणजे नको असलेल्या शब्दांच्या यादीत, टाकायचं राहूनच जातं. ऐन तुरीकापसाच्या धामधुमीत गादीवर कोण लोळणार? क्लिक होण्याचा अंदाज घसरतो, शोधाशी जाहिरात जुळत नाही, अ‍ॅड रँक खाली जातो. वर यायचं? बोली वाढवा! नेमकी जाहिरात देणारा बियाणेवाला कमी बोलीतही वर बसतो, हे एवढं बरं.

मग एक्झॅक्ट मॅच, म्हणजे नेमका तोच शोध, घ्यावं म्हणाल, तर २०१४ पासून तिथंही जवळपासचे शब्द चालवून घ्यावेच लागतात. २०१८ पासून तर अर्थ सारखा वाटला तरी पुरे. कुणाला वाटला, ते विचारू नये. ओलाव्याचं मशीन निदान गाडीसमोर तरी धरतात.