एक एक्स्टेंट कमी

लिनक्सच्या सर्व्हरला नवी डिस्क जोडणं हे दहा मिनिटांचं काम, असं कुठलाही सिस्टिम अ‍ॅडमिन छातीठोकपणे सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी मात्र हे दहा मिनिटांचं काम कुणी हाती घेत नाही.

डिस्क आणि फाइल यांच्यामध्ये बरेच थर असतात. हाइन्झ माउल्सहागेन यांनी १९९८ साली एचपी-यूएक्सच्या धर्तीवर लिनक्ससाठी लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर, म्हणजे एलव्हीएम, लिहिला. डिस्कवर फिजिकल व्हॉल्यूम, अशा अनेकांचा मिळून व्हॉल्यूम ग्रुप, त्यातून कापलेला लॉजिकल व्हॉल्यूम आणि त्याच्या डोक्यावर फाइलसिस्टिम. सोय उत्तम, फक्त बिघाड एका थरात होतो आणि बोंब दुसऱ्याच थरातून येते.

सुरुवात फिजिकल व्हॉल्यूम बनवणाऱ्या पीव्हीक्रिएट या आज्ञेपासूनच होते. कोरी म्हणून आणलेली डिस्क, आणि उत्तर येतं: ‘एक्सक्लूडेड बाय अ फिल्टर’. अ‍ॅडमिन बिचारा एलव्हीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये तो फिल्टर शोधत बसतो. तिथे काहीच नसतं. डिस्कवर जुनं पार्टिशन टेबल शिल्लक असतं, एवढंच. जमीन विकून वर्षं उलटली तरी सातबाऱ्यावर आजोबांचं नाव निघावं, तसा प्रकार. नव्या आवृत्त्या निदान ‘डिस्कवर पार्टिशन आहे’ असं सरळ सांगतात. वाइपएफएस ही आज्ञा नुसती दिली तर जुन्या खुणांची यादी दाखवते, ‘-ए’ जोडलं की त्या पुसते. हे ‘-ए’ शेजारच्या डिस्कला लागलं, तर मात्र शुक्रवारच काय, शनिवार-रविवारही गेला.

पुढचा विनोद निव्वळ गणिताचा आहे. १०० जीबीची डिस्क, मागणी १०० जीबीची, आणि नकार असा: २५६०० एक्स्टेंट हवेत, शिल्लक २५५९९. एक्स्टेंट म्हणजे एलव्हीएम जागा वाटतो तो तुकडा, नेहमीच्या मापाने ४ एमबीचा. डिस्कच्या तोंडाशी १ एमबी एलव्हीएम स्वतःच्या हिशेबासाठी ठेवतो. उरलेल्या ३ एमबींत पूर्ण एक्स्टेंट बसत नाही आणि अर्धवट एक्स्टेंट देण्याची पद्धत नाही. आकड्याऐवजी ‘१००%फ्री’ मागितलं की तीच डिस्क निमूटपणे हवाली होते!

मग व्हॉल्यूम वाढतो, पण फाइलसिस्टिममधली जागा सांगणारी डीएफ ही आज्ञा जुनाच आकडा दाखवते, कारण फाइलसिस्टिमला कुणी कळवलेलंच नसतं. सवयीने फाइलसिस्टिम वाढवणारं रिसाइझ२एफएस चालवावं, तर ‘बॅड मॅजिक नंबर’. यात जादू काही नाही. ती फाइलसिस्टिम ईएक्सटी४ नसून एक्सएफएस असते आणि तिला एक्सएफएस_ग्रोएफएस लागतं. रेड हॅटने एंटरप्राइझ लिनक्सच्या सातव्या आवृत्तीपासून एक्सएफएस हीच डीफॉल्ट केली. ती वाढते, आक्रसत मात्र नाही. लॉजिकल व्हॉल्यूम वाढवतानाच ‘-आर’ लावलं असतं तर फाइलसिस्टिमही आपोआप वाढली असती, हे वाक्य प्रत्येक ऑफिसात कुणीतरी नंतरच उच्चारतं.

उबंटू सर्व्हरची तऱ्हा उलटी. त्याचा इन्स्टॉलर मध्यम आकाराच्या डिस्कवर निम्मीच जागा रूट व्हॉल्यूमला देतो, उरलेली ग्रुपमध्ये राखून ठेवतो. मालक पुढे ‘डिस्क भरली’ म्हणून नवी डिस्क मागवतो.

गोंधळ निस्तरायला एलव्हीएम प्रत्येक बदलाआधीची नोंद ‘ईटीसी’मधल्या आर्काइव्हमध्ये ठेवतो आणि व्हीजीसीएफजीरिस्टोअर ती परत बसवतो. रूटच एलव्हीएमवर असेल, तर ही नोंद बहुतेक वेळा त्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये असते.