बारावीतला मोकळा तास

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

ती. आबा व आजी यांस

अमेरिकेत बारावी हे नववीपासून सुरू होणाऱ्या हायस्कुलाचे चौथे आणि शेवटचे वर्ष. या वर्षी नातीचा सहावा तास मोकळा आहे. शिक्षक आले नाहीत म्हणून मिळणारा हा ऑफ तास नव्हे. नातीचा तास वर्षभराचा आहे आणि तो मागून घ्यावा लागतो. व्हिडिओ कॉलवर ती शाळेच्या वेळेत सोफ्यावर दिसली, याचा अर्थ शाळेने काढून टाकली असा होत नाही.

मालेगावात बारावीचा हिशोब सरळ आहे : फेब्रुवारीत बोर्ड, सहाशेपैकी गुण, जोडीला सीईटी नाहीतर जेईई, आणि निकालानंतर प्रवेश. इथे बारावी निम्मी व्हायच्या आतच अर्ज जातो. बऱ्याच खासगी विद्यापीठांच्या लवकरच्या अर्जाची मुदत १ नोव्हेंबरला संपते, कॅलिफोर्निया विद्यापीठाची नोव्हेंबरच्या अखेरीस. हे विद्यापीठ सरासरी काढते ती दहावी-अकरावीच्या श्रेणींवरून. बारावीचे फक्त विषय अर्जात असतात. निकालाआधी वेळापत्रकच तपासले जाते म्हणा ना!

म्हणूनच मोकळ्या तासावरून घराघरांत भांडणे होतात. अनेक विद्यापीठे शाळेच्या समुपदेशकाकडून लिहून घेतात, की त्या शाळेत जे विषय मिळतात त्या मानाने या मुलाने किती अवघड विषय घेतले. शाळेत एपीचे, म्हणजे कॉलेजच्या तोडीचे, वीस विषय असताना दोनच घेतले तर ते डोळ्यांवर येते. मुळात दोनच असतील तर दोन पुरतात. शेजारच्या मुलाने सहा घेतले, हा नातीच्या वडिलांचा मुद्दा इथे बाद होतो, कारण तो मुलगा दुसऱ्या शाळेत आहे. शिवाय एपीची परीक्षा मे महिन्यात, तिचे १ ते ५ मधले गुण जुलैत. बारावीतल्या त्या गुणांचा प्रवेशाला उपयोग शून्य. फार तर कॉलेजात एखादा विषय माफ होतो.

मग तास मोकळा ठेवावा की नाही? गणित, विज्ञान, इंग्रजी शाबूत असेल तर एका मोकळ्या तासाने सहसा काही बिघडत नाही. गणित सोडून दोन तास मोकळे घेणे मात्र महागात पडू शकते. या तासात कामही असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाला आठांपैकी चार प्रश्नांची उत्तरे हवीत, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या एकाच अर्जाचा, निबंध ६५० शब्दांपर्यंतचा. नातीच्या निबंधात सध्या मालेगावचे यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात एवढे एकच वाक्य आहे, तेही आबांकडून फोनवर विचारून घेतलेले. बाकीचा वेळ झोपेत जातो. रात्री एकपर्यंत जागणाऱ्या मुलीला हा खर्च परवडतो, असे तिच्या आईचे मत.

प्रवेश मिळाला तरी तो सशर्त असतो. बारावीत डी किंवा एफ श्रेणी आली, किंवा न कळवता विषय सोडला, तर दिलेली जागा काढून घेता येते. १ मेपर्यंत जागा स्वीकारायची आणि शाळेची अंतिम गुणपत्रिका जुलैच्या सुरुवातीपर्यंत पाठवायची. तोवर मालेगाव कॅम्पातल्या दुकानात पेढ्यांची ऑर्डर देऊ नये.