अव्वल कारकून, कलाविभाग

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून कचेऱ्यांची उणीव कधीच नव्हती. महसूल, पाटबंधारे, भूमिअभिलेख, पंचायत समिती, दुय्यम निबंधक, शिवाय साखर कारखान्यांची शेतकी खाती, असा हा पसारा नीरा डाव्या कालव्याच्या काठाकाठाने इंग्रजी अमदानीपासून वाढत आला आहे; आणि जेथे पाणी तेथे पाळी, जेथे पाळी तेथे अर्ज, व जेथे अर्ज तेथे टाचणी, हा क्रम अटळ असल्यामुळे या मुलखात उसाच्या खालोखाल कशाचे पीक येत असेल तर ते कागदाचे. या कागदांच्या राशीआड ज्या गृहस्थाचे मस्तक सदैव किंचित वाकलेले दिसते, आणि जो एखाद्या गरजू खातेदाराच्या फेरफारात आकंठ बुडाला आहे असा आगंतुकाचा समज होतो, तो वस्तुतः एका यू-पिनेस मान फुटावी म्हणून तिला नखाने वाकवीत असतो.

खातेदार त्यास ‘भाऊसाहेब’ म्हणतात, वरिष्ठ आडनावाने हाक मारतात आणि शिपाई त्याच्या पश्चात ‘कलाकार’ म्हणतो. कोणत्या कचेरीचा हा कर्मचारी, हे सांगण्याचे कारण नाही. त्याची जात प्रत्येक कचेरीत नांदते, आणि बदली बारामतीहून इंदापुरास झाली काय किंवा उलट झाली काय, पेन्शनीपर्यंत ती अभंग राहते.

त्याची उत्कृष्ट कृती म्हणजे रोहित पक्षी. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणच्या बाजूस हिवाळ्यात हे पक्षी येतात आणि पुण्यामुंबईचे लोक नावा भाड्याने घेऊन ते पाहतात. भाऊसाहेबांनी ते एकदाच, आणि तेही रविवारी, पाहिले असले तरी त्यांचे निरीक्षण सूक्ष्म आहे. प्लास्टिकचे वेष्टन असलेल्या रंगीत यू-पिनांतून गुलाबी तेवढ्या वेचून त्यांचे अंग गुंफावयाचे, एक पिन सरळ करून तिची नागमोडी मान करावयाची, दोन लांब टाचण्यांचे पाय लाखेच्या गोळीत रोवावयाचे, आणि चोचीचे खाली वळलेले टोक कार्बन कागदावर घासून काळे करावयाचे. हे शेवटचे काम करताना ते श्वास रोखून धरतात. त्या क्षणी समोर प्रत्यक्ष प्रांतसाहेब येऊन उभे राहिले तरी त्यांनाही थांबावे लागेल.

दुसरी कृती भिंतीवर आहे. पळसदेवचे जुने गाव उजनीच्या जलाशयात गेले, आणि तेथील प्राचीन देवालयाचे शिखर उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे उघडे पडते. हे दृश्य भाऊसाहेबांनी केवळ रबरी शिक्क्यांनी साकारले असून शिखर ‘मंजूर’ या लाल शिक्क्याचे, तर पाणी ‘प्रलंबित’ या निळ्या शिक्क्याचे आहे. सर्वत्र, काठापासून काठापर्यंत, ‘प्रलंबित’च्या लाटा उसळत आहेत. कचेरीतील मंडळी या चित्रास मनसोक्त हसतात. धरणग्रस्तांपैकी कोणी कामासाठी आला तर तो मात्र ते बराच वेळ पाहतो आणि हसत नाही.

कलेचा हा प्रकार नीरा-भीमेच्या बेचक्यातच उपजला असे नव्हे. सॉल स्टाइनबर्ग या अमेरिकेतील विख्यात व्यंगचित्रकाराने रबरी शिक्क्यांनी चित्रे केली. मुंबईत बँकेत टंकलेखक असलेले चंद्रकांत भिडे यांना अंतर्गत दूरध्वनी क्रमांकांची यादी टंकण्यास सांगितले गेले, तेव्हा त्यांनी ती दूरध्वनी यंत्राच्याच आकारात टंकली, आणि पुढे टंकयंत्रावर थोरामोठ्यांच्या तसबिरी काढून नावलौकिक मिळविला. ते निवृत्त झाले तेव्हा बँकेने त्यांना ते यंत्र एक रुपयास दिले. ही हकीकत भाऊसाहेबांस तोंडपाठ आहे. आपणांस निवृत्तीच्या वेळी शिक्क्याची गादी तरी मिळेल काय, अशी पृच्छा ते अधूनमधून लेखा शाखेकडे करीत असतात.

वरिष्ठांनी हटकलेच तर ते थेट कवी मोरोपंतांचा दाखला देतात. “साहेब, पंतांनी ओठाला ओठ न लावता रामायण रचलं, ते याच बारामतीत. मी नवी टाचणी न वापरता पक्षी केला, तर सरकारचं काय गेलं?” हा युक्तिवाद वाटतो तितका पोकळ नाही. पंतांनी (१७२९ ते १७९४) १०८ रामायणे रचली, त्यांत ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करणाऱ्या ‘निरोष्ठ रामायणा’सारखी केवळ स्वतःवर घातलेल्या निर्बंधासाठी रचलेलीही आहेत, आणि ‘केकावली’वर भरभरून बोलणाऱ्या विद्वानांस त्यांपैकी किती वाचली हे विचारणे शिष्टसंमत नाही.

शिवाय नवी टाचणी न वापरण्याचे भाऊसाहेबांचे व्रत खरे आहे. टाचणी गंजते आणि कागदास डाग पाडते, म्हणून निकाली निघालेले प्रकरण अभिलेख कक्षात धाडण्यापूर्वी त्यातील टाचण्या काढून घेणे इष्ट असते. या काढलेल्या टाचण्या हाच त्यांचा कच्चा माल. पण यातून जो परिणाम उद्भवला तो कोणत्याही शासननिर्णयात आढळणार नाही. कच्चा माल हवा तर प्रकरण निकाली निघाले पाहिजे, आणि ज्या प्रकरणास जोडपत्रे अधिक त्यास टाचण्या अधिक. सबब सात जोडपत्रांचे गुंतागुंतीचे वारसप्रकरण त्यांच्या मेजावरून पंधरवड्यात सुटते, आणि एका टाचणीचा साधा अर्ज सहा गठ्ठा पद्धतीतील ‘प्रतीक्षाधीन’ गठ्ठ्यात दीर्घ तपश्चर्येस बसतो. २०१८ पासून सातबारा डिजिटल स्वाक्षरीने घरबसल्या मिळू लागल्यावर हा पुरवठा आटला, त्यामुळे हल्लीचे पक्षी थोडे कृश असतात.

चतुर खातेदारांनी हे मर्म केव्हाच हेरले आहे. ते अर्जास गुलाबी यू-पिना लावतात, एकीच्या जागी तीन. यास लाच म्हणावे की बारामतीच्या बाबूजी नाईकांनी पंतांस दिला त्या जातीचा आश्रय म्हणावे, याचा निवाडा लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने करावा. अशा पिनांची डबी स्टेशनरीच्या कोणत्याही दुकानात मिळते. वाचकांपैकी कोणाचे काम भाऊसाहेबांच्या मेजावर अडले असेल, तर त्याने आवक क्रमांकाची पोच प्रथम घ्यावी, तीवरील शिक्का तारखेचाच आहे ना हे पाहून घ्यावे, आणि मगच रोहित पक्ष्याची स्तुती करावी. आधी केल्यास भाऊसाहेब दुसरा पक्षी दाखवावयास कपाट उघडतात, आणि कचेरी सव्वासहाच्या पुढे चालू राहत नाही.